हिमाचे महिने

शास्त्रभाग : यशया ५५:१०, ११. वाचनाकरिता : स्तोत्र १४७:१२-२०, योहान १०:२२-३१.



यशया संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या पंचावन्नाव्या अध्यायात देवाच्या वचनाची तुलना आकाशातून उतरणाऱ्या दोन वस्तूंशी करितो. एक पर्जन्य व दुसरे हिम. ही दोन्ही वरून येतात, भूमीस भिजवितात, पेरणाऱ्यास बी व खाणाऱ्यास भाकर मिळवून देतात, आणि आपले काम झाल्यावाचून माघारी जात नाहीत. परमेश्वराच्या मुखातून निघालेले वचनही तसेच आहे, असा तेथील आशय आहे. ह्या भागावर आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश झाले असतील. परंतु आपण कोल्हापूर प्रांताचे लोक तो वाचताना नकळत एक गोष्ट करितो. पर्जन्य हा शब्द आला म्हणजे आपले मन तेथेच बसकण मारते, आणि हिम हा शब्द नुसता जिभेवरून निसटून जातो.

ह्यात नवल नाही. पावसाविषयी आपणांस कोणी शिकवावे असे राहिलेले नाही. गगनबावड्याची संततधार आपल्या परिचयाची आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्यांचे पाणी पंचगंगेत मिळून ती पात्राबाहेर केव्हा पडते, हे आपली मुलेही सांगतात. पण हिम? चैत्र-वैशाखात वळीव येतो, त्यात कधी गारा पडतात; मुले त्या वेचून तोंडात घालितात, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षबागाइतदार डोक्यास हात लावून बसतो. पण गारा म्हणजे हिम नव्हे. गारा उन्हाळ्याच्या तापात, मेघगर्जनेसह, मोठा आवाज करीत येतात आणि घटकाभरात विरून जातात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या निरभ्र पहाटे गवतावर, पानांवर व नावांच्या फळ्यांवर पांढरा थर दिसतो, आणि 'बर्फ पडला' म्हणून लोक पाहावयास जातात. तेही हिम नव्हे. ते गोठलेले दहिवर होय. ते आकाशातून पडत नाही. रात्री जमीन आपली उष्णता सोडून अतिशय थंड होते, आणि जवळच्या हवेतील ओल जेथल्या तेथे गोठते. सूर्य वर आला की ते नाहीसे होते. होशेय संदेष्ट्याने आपल्या लोकांच्या भक्तीस सकाळच्या दहिवराची उपमा दिली आहे, ती येथे कोणास आठवली तर बरेच.

तेव्हा ज्या वस्तूशी देवाने आपल्या वचनाची तुलना केली, ती वस्तू आपण पाहिलेली नाही. परंतु आपल्या घरांतील मुलांनी ती पाहिली आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली व बेळगाव ह्या प्रांतांतील किती घरांतून मुले सैन्यात गेली आहेत, हे मी सांगावयास नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावास आहे. तेथून शिकून निघालेला तरुण पुढे कोणत्या पर्वतावर उभा राहील हे त्याच्या आईस ठाऊक नसते.

मागे एका खेड्यात घरभेटीस गेलो असता अशाच एका आईने मला विचारिले, "पाळकसाहेब, तिकडं बर्फ नेमका कोणत्या महिन्यात लई पडतो? तेवढं महिनं मी रोज पहाटे उठून जादा प्रार्थना करीन." ह्या प्रश्नावर कोणी हसू नये. पाटबंधाऱ्याचे पाणी केव्हा सुटणार हे विचारून जशी शेतकरीण आपली कामे नेमिते, तशी ती आपल्या प्रार्थनेची वेळ नेमू पाहत होती. ज्या प्रार्थनेस वार व महिना नसतो ती पुष्कळदा होतच नाही. मला तर वाटते की, जिला उत्तर द्यावे अशी ही विचारणा आहे. म्हणून प्रथम उत्तर देतो, मग वचनाकडे वळतो.

काश्मीर, लडाख व हिमाचल ह्या पश्चिम हिमालयात हिम मुख्यतः डिसेंबरपासून मार्चपर्यंत पडते, आणि त्यातही जानेवारी व फेब्रुवारी ह्या दोन महिन्यांत बहुधा सर्वांत अधिक. काश्मीरचे लोक २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतच्या चाळीस दिवसांस 'चिल्लई कलान' म्हणजे मोठी थंडी असे नाव देतात. त्यापुढे वीस दिवस धाकटी, व त्यापुढे दहा दिवस सर्वांत लहान. हे सर्व मिळून सत्तर दिवस होतात. ह्या आकड्याचा बाबेलातील सत्तर वर्षांशी संबंध जोडण्याचा मोह कोणा उपदेशकास झाला, तर त्याने तो आवरावा. मात्र अतिशय उंच ठिकाणी मार्च उलटल्यावरही हिम पडत राहते, हे ध्यानात असावे.

कोणी विचारील की, २१ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवस. मग हिम त्याच्यानंतर अधिक का? ह्याचे उत्तर आपल्या मृग नक्षत्रात आहे. मृग जूनच्या ७ तारखेच्या सुमारास लागतो, सर्वांत मोठा दिवस जूनच्या २१ तारखेस येतो. परंतु पंचगंगा घाटाच्या पायऱ्या बुडविते ती जुलै-ऑगस्टात. निसर्गात कारण आधी घडते व परिणाम मागून येतो. तिकडेही दिवस वाढू लागले तरी जमीन व पर्वत थंड होतच असतात, आणि पश्चिमेकडून वाहणारा उंच वाऱ्याचा पट्टा त्या महिन्यांत दक्षिणेस सरकून हिमालयावर आलेला असतो. त्या वाऱ्याबरोबर एकामागून एक वादळी हवेचे लोट येतात. त्यांस पश्चिमी झंझावात म्हणतात. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस समुद्रावरून सरळ येऊन सह्याद्रीवर आदळतो. हे झंझावात फार लांबून येतात. त्यांचा उगम बहुधा भूमध्य समुद्राकडे होतो, आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते काश्मीरच्या पर्वतांस थडकतात.

भूमध्य समुद्र, बंधुजनहो! त्याच समुद्रावरून उठलेली हिवाळ्यातील वादळे लबानोनावर व हर्मोन पर्वतावर हिम टाकितात. यशयाने जे हिम मनात धरून हे वचन लिहिले, आणि आपला एखादा मुलगा द्रासच्या वर ज्या हिमात पाय रोवून उभा असतो, ती दोन्ही हिमे जणू एकाच घराण्यातील आहेत. पवित्र शास्त्रातील हिम ही परक्या विलायतेची गोष्ट आहे असे समजून आपण ती सोडून देत होतो. ती आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेली आहे.

आता पर्जन्याहून हिमाचे काम कोणत्या गोष्टीत भिन्न आहे ते पाहू. हिमाच्या शुभ्रतेविषयी, म्हणजे लाखेसारखे तांबडे पाप हिमासारखे पांढरे होण्याविषयी, आज बोलत नाही. त्यावर उपदेश उदंड झाले आहेत. मला हिमाच्या थांबण्याविषयी बोलावयाचे आहे.

पाऊस पडतो आणि धावतो. आपल्या देशी तो चार महिन्यांत येतो व बहुतेक समुद्राकडे निघून जातो. २०१९ सालच्या ऑगस्टात शिरोळ तालुक्यातील गावांत काय झाले ते आपण पाहिले. माणसे नावांतून काढावी लागली, गोठ्यांतील जनावरे वाहून गेली, आणि त्याच शिवारात पुढे उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहण्याची पाळी आली. धावणारे पाणी थांबवावे म्हणून मनुष्य धरणे बांधितो. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भोगावतीवर राधानगरीस धरणाचे काम सुरू केले, ते ह्याच दूरदृष्टीने. त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे पाहावयास आजही लोक जातात. परंतु हिमालयात देवाने भिंत न बांधिता धरण केले आहे. तेथे पाणी पडते आणि थांबते. ताजे हिम सुमारे दहा इंच वितळले म्हणजे एक इंच पाणी होते. असे थरावर थर साठत जातात, आणि जानेवारीत पडलेले पाणी मे-जूनात, जेव्हा खाली मैदाने भाजून निघतात तेव्हा, सिंधू, झेलम, चिनाब व सतलज ह्यांच्या पात्रांत उतरते. ज्या महिन्यात त्याची गरज आहे त्या महिन्यात ते येते. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर हिमाच्या कोठारांविषयी ईयोबास विचारितो. कोठार हाच योग्य शब्द आहे. कोठारात ठेविलेले धान्य वाया गेले असे कोणती गृहिणी म्हणते?

हर्मोन पर्वताचेही असेच आहे. तो ९,२०० फुटांहून अधिक उंच असून हिवाळ्यात हिमाने झाकलेला असतो. ते हिम वितळून खडकांत मुरते, आणि पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडते. तेथूनच यार्देनेचे मुख्य उगम होतात. ज्या नदीत आपल्या प्रभूचा बाप्तिस्मा झाला, तिच्या पाण्यात हर्मोनावर कोणी न पाहता पडलेले हिम होते.

आणखी एक गोष्ट स्तोत्रकर्त्याने टिपली आहे. एकशे सत्तेचाळिसाव्या स्तोत्रात तो म्हणतो की, देव हिम लोकरीसारखे देतो. मला पूर्वी वाटे की ही उपमा केवळ पांढऱ्या रंगाची आहे. धनगर पावसाळ्यात रानात घोंगड्याची खोळ करून बसतो, ती रंगाकरिता नव्हे. ताज्या हिमाचा बहुतेक भाग हवाच असते, आणि लोकरीप्रमाणेच ती अडकलेली हवा ऊब राखिते. ज्या थंड मुलखात शेतकरी हिवाळ्यापूर्वी गहू पेरून ठेवितो, तेथे हिमाचा जाड थर त्या कोवळ्या रोपांस बाहेरच्या कडाक्यापासून वाचवितो. हिम न पडता कोरडी थंडी पडली तर रोपे मरतात. तेव्हा वरून पाहणारास जे प्रेतवस्त्र दिसते, ते खाली असलेल्या जीवास पांघरूण असते.

देवाचे वचन कधी पावसासारखे येते. उपदेश झाला, मनुष्य रडला, आठ दिवसांत दारू सुटली, घर बदलले. अशी साक्ष ऐकून आपण आनंद करितो आणि तो करावाच. परंतु आपल्या मंडळ्यांत एक सवय शिरली आहे. जे पावसासारखे आले नाही ते आलेच नाही असे आपण धरून चालतो. शब्बाथ शाळेत बारा वर्षे वचने पाठ केलेला मुलगा पुण्या-मुंबईस गेला आणि उपासनेस दिसेना, तर 'सर्व फुकट गेले' असे बापच बोलू लागतो. सभेस किती आले, हात किती वर झाले, ह्याचा हिशेब आपण करितो. कोठारात काय पडले ह्याचा हिशेब आपल्यास करिता येत नाही, म्हणून ते नाहीच असे म्हणतो. यशयाचे हे शब्द प्रथम ज्यांच्याकरिता होते ते लोक बाबेलात बंदिवान होते. त्यांच्यापुढे उद्ध्वस्त यरुशलेमाखेरीज काही नव्हते. अशांस परमेश्वर पर्जन्याबरोबर मुद्दाम हिमाचे नाव का घेतो, ह्याचा विचार करा.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच कोल्हापुरात आहे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतात १८१६ साली जन्मले. तो प्रांत हिमाचा. तेथे हिवाळाभर शेते पांढऱ्या थराखाली असतात. असा मनुष्य १८५२ साली कोल्हापुरास आला. लोकांनी त्यांचे स्वागत केले नाही. आणि कित्येक वर्षे त्यांस दाखविण्याजोगे फळ फारच थोडे होते. त्यांच्या मुलांपैकी रॉबर्ट हा १८६३ साली येथेच जन्मला. त्याची बहीण ग्रेस. प्रकृतीमुळे वाइल्डर साहेब १८७५ च्या सुमारास अमेरिकेस परत गेले, तेव्हा त्यांच्या कामाचा हिशेब करणाऱ्याने काय लिहिले असते? परंतु त्या घरात, प्रिन्स्टन गावी, ही दोघे बहीणभाऊ पुष्कळ तरुणांनी सुवार्तासेवेस निघावे म्हणून एकत्र प्रार्थना करीत असत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स प्रांतात विद्यार्थ्यांची एक सभा भरली. तिच्या शेवटी शंभर तरुणांनी परदेशी सेवेकरिता आपणांस वाहून दिले, आणि त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उत्पन्न होऊन पुढे हजारो सेवक जगभर गेले. त्या सभेत तरुणांस जागविणारा तो आपला कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट वाइल्डर होता. जेथे ती सभा भरली त्या स्थळाचे नाव माउंट हर्मोन! म्हाताऱ्या वाइल्डर साहेबांचे देहावसान १८८७ साली झाले. आपल्या पंचगंगेच्या तीरावरील वर्षांचे हिम कोठे वितळू लागले आहे, ह्याचा केवळ आरंभ त्यांच्या दृष्टीस पडला.

येथपर्यंतचे ऐकून जिच्या मुलाची नेमणूक हिमात आहे ती आई म्हणेल, "पाळकसाहेब, हे सर्व खरे, पण हिमाने माणसे मरतात, त्याचे काय?" हा प्रश्न टाळून पुढे जाणारा उपदेश खोटा होय.

सन १९९९ पूर्वी कारगिलच्या बाजूची कित्येक उंच ठाणी हिवाळ्यात रिकामी करण्याचा प्रघात होता. त्या वर्षीच्या युद्धाने तो बदलला, आणि तेव्हापासून जेथे पक्षीही राहत नाही अशा अनेक ठिकाणी आपले शिपाई हिवाळाभर राहतात. सियाचेन हिमनदीवर तर १९८४ पासून बारा महिने पहारा आहे. तेथे एका हिवाळ्यात दहा मीटरांपर्यंत व त्याहूनही अधिक हिम पडते, आणि थंडी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत जाते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तेथील सोनम नावाच्या सुमारे १९,५०० फूट उंचीवरील ठाण्यावर हिमाचा प्रचंड कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक तरुण होता. धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड हेही त्यांत होते. महिना कोणता, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

त्यांच्या सोबत्यांनी कुत्री नेली, बर्फ कापण्याची यंत्रे नेली, आणि त्या विरळ हवेत रात्रंदिवस खोदकाम केले. सहाव्या दिवशी, सुमारे पंचवीस फूट खाली, हणमंतप्पा जिवंत सापडले. सर्व देश चकित झाला. देवळांतून, मशिदींतून, आणि आपल्या प्रार्थनामंदिरांतूनही त्यांच्याकरिता प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. इतर नऊ जण तर मृतच सापडले होते.

अशा वेळी जो उठून 'देवाची इच्छा' एवढेच बोलतो व चहा पिऊन घरी जातो, त्याने ईयोबाच्या मित्रांची पुस्तके पुन्हा वाचावी. तेही शुद्ध सिद्धान्तच बोलत होते. स्तोत्रकर्ता हिमास लोकरीची उपमा देतो आणि लगेच पुढे विचारितो की, त्याच्या गारठ्यापुढे कोण टिकेल. त्याने ती दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेविली आहेत, आणि एकाने दुसरे पुसून टाकिले नाही. आपणही पुसू नये. जे हिम सतलजेतून पंजाबाच्या शेतास पाणी देते तेच हिम एका घरचा मुलगा नेते. हे असे का, ह्याचे उत्तर ईयोबास हिमाच्या कोठारांविषयी विचारणाऱ्या देवाने ईयोबासही दिले नाही. त्याने त्यास आपले दर्शन दिले.

मग आपल्या हाती काय आहे? योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडा. तेथे सुवार्तिक एक बारीकसा तपशील लिहितो, ज्यावरून आपण नेहमी पुढे सरकतो. यरुशलेमात समर्पणाचा सण होता, आणि तेव्हा हिवाळा होता. येशू मंदिरात, शलमोनाच्या देवडीत फिरत होता. यरुशलेम डोंगरावर आहे. हिवाळ्यात तेथे थंड पाऊस व वारा असतो, आणि काही वर्षी हिमही पडते. देवडीत छप्पर होते, म्हणून प्रभू तेथे असावा. यहूद्यांनी त्यास वेढा घातला होता, आणि थोड्या वेळाने ते दगड उचलणार होते. त्या वेळी, त्या महिन्यात, त्या वेढ्यात उभे राहून त्याने म्हटले की, माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात, मी त्यांस सार्वकालिक जीवन देतो, आणि कोणीही त्यांस माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही. आणि पित्याच्या हातातूनही कोणास हिसकावून घेता येत नाही.

हे वचन वसंतात, गालीलाच्या हिरवळीवर बसून दिलेले नाही. ते हिवाळ्यात दिलेले आहे. आणि ते काय सांगते व काय सांगत नाही, हे दोन्ही नीट पाहा. माझ्या मेंढरांवर कडा कोसळणार नाही असे त्यात नाही. ज्याने ते वचन दिले त्याच्यावरच चार महिने होण्यापूर्वी क्रूसाचा कडा कोसळला. परंतु ज्या हातास खिळे ठोकले गेले तो हात उघडला नाही. तिसऱ्या दिवशी तो पूर्वीइतकाच घट्ट होता. पंचवीस फूट हिमाखाली मनुष्याचा हात सहाव्या दिवशी पोहोचला. ह्या हातास सहा दिवस लागत नाहीत, आणि त्यास पंचवीस फूट खोदावे लागत नाही. ज्या आईस मी पुत्राच्या रक्षणाची हमी देऊ शकत नाही, तिला मी ह्या हाताची हमी देऊ शकतो, कारण ती माझी नव्हे. आपण प्रार्थना करितो ती हिमाचा दर कमी व्हावा म्हणून केलेली दरखास्त नव्हे. आपण त्या मुलाचे नाव त्या हातात पुन्हा पुन्हा ठेवितो. जे ठेविले ते कोठारात राहते.

अलीकडे दुसरीही एक काळजी उत्पन्न झाली आहे, ती थोडक्यात सांगतो. कित्येक हिवाळे कोरडे जाऊ लागले आहेत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बरेच दिवस बोडकेच होते, आणि हिम पुढे उशिराने पडले. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि त्यात मनुष्याच्या धुराचा मोठा भाग आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात. यिर्मया लबानोनाचे हिम कधी खडकावरून नाहीसे होते काय, असे विचारितो. त्याच्या काळी ह्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते. देवाने भरून ठेविलेले कोठार लेकरांनी उपसून टाकावे, ही लाजेची गोष्ट आहे. परंतु तो विषय स्वतंत्र उपदेशाचा आहे.

आता मंडळ्यांस दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सुचवितो. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत दर बुधवारच्या प्रार्थनासभेत आपल्या गावातील सैन्यात असलेल्या सर्व मुलांची नावे मोठ्याने वाचावी. फक्त ख्रिस्ती मुलांची नव्हे, सर्व गावाची. मराठा, धनगर, महार, मुसलमान, कोणाचेही घर असो. त्यांच्या आयांस कळू द्यावे की ही नावे आपल्या मंदिरात घेतली जातात. फेब्रुवारी संपली म्हणून थांबू नये, कारण ऊन वाढून हिमाचे थर सैल होऊ लागले म्हणजे कडे कोसळण्याचे भय पुन्हा वाढते. काश्मीरहून लडाखला जाणारा जोजिला घाट अकरा हजार फुटांहून उंच आहे; जड हिमवर्षावात तो बंद होतो आणि रस्ता पुन्हा खुला करण्यास वसंतात यंत्रे व माणसे खपतात. तो खुला झाल्याचे वर्तमान येईपर्यंत तरी ही यादी बंद करू नये.

दुसरे, नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सुज्ञ स्त्री आपल्या घराण्याविषयी हिमाला भीत नाही असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे : घरच्यांस तिने वस्त्रे दिली होती. तिचा विश्वास तिच्या हातांतून दिसत होता. आपल्या स्त्रीमंडळाने हे वाचून काय करावे ते तिने ठरवावे. मी लोकरीचा भाव सांगत बसत नाही.

तिसरे, पौल प्रेषिताने तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट. म्हातारा पौल रोमेत कैदेत होता. त्याने धर्मयुद्ध उत्तम केले होते, धाव संपविली होती, नीतिमत्त्वाचा मुगूट त्याच्यासाठी ठेविलेला होता. आणि तरीही तो लिहितो की, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. त्या काळी हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरील गलबते बहुतेक बंद असत. ऑक्टोबर गेला की वसंतापर्यंत वाट पाहावी लागे. त्याच इटलीच्या अपेनाइन पर्वतात १९४४-४५ चा हिवाळा आपल्या मराठा पलटणींनी हिमात व चिखलात काढिला, आणि त्यांची पत्रे घरी पोहोचावयास महिने लागत. आज दूरध्वनी आहे, तरी उंच ठाण्यावर तो नेहमी लागत नाही. म्हणून आपल्या मुलास जे लिहावयाचे आहे, जे भांडण मिटवावयाचे आहे, ज्या बापाने तीन वर्षे मुलाशी अबोला धरिला आहे त्याला जे बोलावयाचे आहे, ते दिवाळीनंतर पुढे ढकलू नये. तीमथ्य हिवाळ्यापूर्वी पोहोचला किंवा नाही, हे शास्त्राने लिहून ठेविलेले नाही.